दोन ठोके

लवकरमामांना खरं नाव होतं, पण ते फक्त मतदानाच्या दिवशी लागायचं. एरवी लहानथोर सगळे त्यांना लवकरमामाच म्हणायचे. भट्टीपुढे बसले की त्यांच्या तोंडात दुसरा शब्द नसायचा. "लवकर! अगं लवकर! झोपलीस काय घण घेऊन? लवकर!" तापलेलं लोखंड कुणासाठी थांबत नाही हे खरं, पण मामा चहा मागतानाही तसेच ओरडायचे आणि विळा न्यायला आलेल्या माणसाला मात्र चार खेपा घालायला लावायचे. 'नाव लवकरमामा आणि काम परवा' असं गावानं म्हणून ठेवलं होतं.

घण मारायची ती मामी. लग्न होऊन आली तेव्हा घणाचा दांडा तिच्या छातीला लागायचा. सासऱ्यांनी तो हातात दिला आणि म्हणाले, "पोरी, दमानं उचल, दमानं टाक, बाकीचं काम घणच करतो." तेव्हापासून मामांची हातोडी आणि मामीचा घण अशी जोडी जमली ती जमलीच. मामीचे खांदे पुरुषासारखे झाले, तळहातांना घट्टे पडले, आणि मामांच्या ओरडण्याची तिला इतकी सवय झाली की ते एखाद्या दिवशी गप्प असले तर ती त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघायची.

मामीची बहीण एकदा राहायला आली होती. दुपारभर ओसरीत बसून तिनं ते ओरडणं ऐकलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. मामी पाणी प्यायला आत आली तशी ती म्हणाली, "अगं, नवरा आहे की कोण आहे? दिवसभर तुझ्यावर खेकसतो. तू ऐकून घेतेस तरी कशी?"

"ऐकतंय कोण?" मामी हसून म्हणाली. "मी हातोडी ऐकते."

ते खोटं नव्हतं. मामांचं तोंड एक बोलायचं आणि हातोडी दुसरंच. हातोडी लोखंडावर जिथे टेकली तिथे घण पडायचा. ती हलकी पडली तर घण हलका, जोरात पडली तर घण जोरात. मुलाच्या वेळी मामी दिवसांत होती तेव्हा मामांचं तोंड रोजच्यासारखंच "लवकर, लवकर" करत होतं, पण हातोडी मात्र इतकी हळुवार झाली होती की जड काम समोर असूनही घण नुसता टेकवावा लागायचा. त्या महिन्यांत मामांनी तोंडानं कधी विचारलं नाही, 'तुला बरं आहे का?' विचारायची गरजच काय, असं मामीला वाटायचं.

लोखंडाची लाली उतरून ते काळं पडायला लागलं की मामा ऐरणीच्या कडेवर दोन ठोके द्यायचे. टक टक. म्हणजे घण खाली घे, लोखंड गार झालं, परत भट्टीत घालतो. दिवस संपतानाही तेच दोन ठोके असायचे. फक्त तेव्हा ठोक्यांनंतर मामा हातोडी ऐरणीवर आडवी ठेवून द्यायचे. हातोडी हातात राहिली तर काम चालू आहे, आडवी पडली तर काम संपलं. एवढी साधी गोष्ट होती. तिचा कधी घोटाळा झाला नाही.

त्या दिवशी मात्र दोन ठोके आलेच नाहीत. पहारीचं टोक लाल होऊन ऐरणीवर आलं होतं, मामीनं घण डोक्यावर नेला होता, आणि मामांची हातोडी ठोके न देताच आडवी झाली. मामी घण तसाच वर धरून उभी राहिली. वर धरलेला घण खाली कुठे टाकायचा हे तिला कुणी सांगेना. मग मामा हळूच एका अंगावर कलंडले आणि कोळशाच्या ढिगाला टेकले.

दवाखान्यात कळलं की उजवं अंग गेलं. तोंड एका बाजूला ओघळलं. उजव्या डोळ्याची खालची पापणी सैल पडली, त्यातून पाणी गळायचं थांबेना. डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून दाखवलं. "आजोबा, हे काय आहे?"

"लवकर," मामा म्हणाले.

"बरं, तुमचं नाव सांगा."

मामांनी खूप जोर केला. कपाळावर शिरा उठल्या. "लवकर."

डॉक्टरांनी मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "नाव म्हणून धरलं तर बरोबरच आहे." आणि तिला तिथेच रडू फुटलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं तिला बाहेर बाकावर बसवून सांगितलं, की यांना कळतंय सगळं, पण काहीही सांगायला गेले तरी हाच एक शब्द तोंडातून येणार. कदाचित पुढे सुधारणा होईल, कदाचित होणार नाही. तुम्हीच समजून घ्यायचं.

"ते मला जमेल," मामी म्हणाली. "आमचं तसंच चालत आलंय."

आणि तिनं जमवलंही. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत ती त्या एका शब्दाची पंडित झाली. खालच्या आवाजातलं "लवकर" म्हणजे पाणी. लांबवलेलं "लवकऽर" म्हणजे उठवून न्या. शेवटी आवाज वर गेला की मुलाची चौकशी. मुलगा मालट्रक चालवायचा, आठवडा आठवडा बाहेर असायचा. दाराशी गाडीचा आवाज झाला की मामा मान वळवून विचारायचे, "लवकर?" आणि मामी सांगायची, "नाही हो, दुसरीच गाडी आहे. तो यायचाय अजून."

सून हे सगळं बघत असायची. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. विणकरांच्या घरातली, लोखंडाशी संबंध नाही, स्वभावानं अबोल. कुणी दोनदा विचारल्याशिवाय उत्तर द्यायची नाही. तिनं एकदा विचारलं, "आई, तुम्हाला बरोबर कसं कळतं?"

"जन्म गेलाय माझा," मामी म्हणाली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

त्यात थोडा तोराही होता. आपल्या माणसाला आपल्याइतकं कुणी ओळखत नाही, हा तोरा.

तेवढ्यात सुगी तोंडावर आली. शेतं पिवळी पडली, वारा सुटला की दाणे वाजायला लागले. विळे घेऊन माणसं यायला लागली. बोथट विळे, मोडक्या मुठींचे विळे, दाते झिजलेले विळे. माणसं दारात उभी राहायची, खाटेवरच्या मामांकडे बघायची, "अरेरे" म्हणायची आणि विळे परत घेऊन जायची. दुसऱ्या गावाला बाजारात तयार विळे मिळत होते. एकदा गिऱ्हाईक तिकडे वळलं की परत येत नाही, हे मामीला पक्कं ठाऊक होतं. भट्टी एक सुगी चुकली की कायमची विझते.

एके सकाळी मामीनं भट्टीतली राख काढली, कोळसा रचला आणि सुनेला हाक मारली. "पदर खोच. घण उचलून बघ."

सुनेनं घण उचलला, डुगडुगली, खाली ठेवला. परत उचलला. मामीनं तिचा खालचा हात दांड्यावर पुढे सरकवला. "दमानं उचल, दमानं टाक. बाकीचं काम घणच करतो."

मग मामी स्वतः मामांच्या जागेवर बसली. ती जागा मामांच्या अंगानं खोलगट झाली होती. हातोडीचा दांडा त्यांच्या मुठीनं झिजला होता, तिच्या मुठीला तो बारीक लागला. समोरून घण मारताना भट्टी वेगळी दिसायची आणि इथून वेगळी. इथून झळ सरळ तोंडावर यायची. लाल रंगाच्या किती छटा असतात हे तिनं जन्मभर पाहिलं होतं, पण कुठल्या छटेला लोखंड बाहेर काढायचं आणि कुठल्या छटेला पाण्यात बुडवायचं, ते मामांच्या डोळ्यांना माहीत होतं. तिच्या डोळ्यांना नव्हतं.

मामांची खाट तिनं भट्टीच्या दारातच आणून ठेवली होती. दिवसभर एकटं आत पडून राहायला नको, एवढाच विचार. डाव्या हाताची बोटं खाटेच्या लाकडी माच्यावर टेकलेली. बोटात त्यांनी स्वतःच घडवलेली लोखंडी अंगठी होती.

पहिल्याच दिवशी, तिसराचौथा विळा ऐरणीवर असताना, मागून आवाज आला. टक टक.

मामीनं वळून पाहिलं. मामांची अंगठी माच्यावर होती. ओघळलेलं तोंड, आणि डोळ्यातून पाण्याची धार. "लवकर," मामा म्हणाले. "लवकर, लवकर."

सुनेनं घण खाली घेतला होता.

"तू थांबू नकोस," मामी सुनेला म्हणाली. "मार." आणि दोघी मारत राहिल्या.

असं रोज व्हायला लागलं. विळा ऐरणीवर आला, थोडे घाव पडले, की मागून टक टक. पाठोपाठ "लवकर". सून घण खाली घ्यायची, मामी तिच्यावर खेकसायची, "मार म्हटलं ना!" आणि मग लोखंडाचा आवाज कोरडा, कडक येत राहायचा. मामी मागे बघेनाशी झाली. बघितलं की तो पाणी गळणारा डोळा दिसायचा आणि हातातलं बळ जायचं. आपल्या डोळ्यांदेखत आपल्या जागेवर दुसरं कुणी बसलंय, आपली हातोडी दुसऱ्याच्या हातात आहे, हे कुठल्या कारागिराला सोसेल? तिला वाटायचं, ते सांगतायत, थांबव. बस कर हे. संपव एकदाचं, लवकर.

तिला ते कळत होतं आणि ती कळू देत नव्हती. पोटाचा प्रश्न होता म्हणावं तर मुलगा कमावता होता. खरं म्हणजे भट्टी विझली की मामीला आपणही विझल्यासारखं वाटणार होतं.

आणि काम बिघडत होतं. विळ्यांना धार यायची, पण टिकायची नाही. गिऱ्हाइकांतला एक मळेवाला होता, उंच आणि फटकळ. तो एका दुपारी तरातरा आला आणि त्यानं विळा मामीपुढे नाही, मामांच्या खाटेवर, पायांशी टाकला. पात्याला चीर गेली होती.

"बघा मामा, तुमच्या घरचं काम," तो मामांना म्हणाला. मामी हातभर अंतरावर बसली होती, पण तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. "तुमच्या हातचा विळा माझ्या बापानं वापरला, मी वापरला. हा एका सकाळीत गेला. गड्याचा अंगठा थोडक्यात वाचला."

मामांनी डाव्या हातानं विळा उचलला. चिरेवरून अंगठा फिरवला. मग विळा मामीकडे धरून ते ओरडायला लागले, "लवकर! लवकर! लवकर!" आणि विळ्याच्या मुठीनं माच्यावर ठोके द्यायला लागले. दोन, परत दोन, परत दोन. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यातून पाणी.

मळेवाला वरमला. "जाऊ द्या मामा, तुमचा काय दोष," असं पुटपुटून तो निघून गेला. मामीनं पुढे होऊन मामांच्या हातातून विळा सोडवून घेतला, पदरानं त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि परत म्हणाले, "लवकर." तिनं मान खाली घातली. "कळलं हो," ती म्हणाली. "कळलं मला."

त्याच संध्याकाळी मुलगा आला. आईचे भाजलेले हात आणि बायकोच्या तळव्यावरचे फोड पाहून त्याचं जेवणावरचं मन उडालं. "आई, कशासाठी चाललंय हे?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतात मला? आईला आणि बायकोला घणाला जुंपलं आणि स्वतः हवा खात फिरतोय! वेल्डिंगवाला केव्हाचा ऐरण मागतोय. देऊन टाकू. भट्टीच्या जागी बाबांना चांगली खोली करू, वारा येईल अशी."

"त्यांना विचारल्याशिवाय नाही," मामी म्हणाली.

दोघं खाटेशी गेली. सून दारात कंदिलाची काच पुसत उभी होती. मुलानं बापाच्या कानाशी वाकून, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं विचारलं, "बाबा, भट्टी बंद करायची का? ऐरण देऊन टाकायची का?"

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मामीकडे. "लवकर," ते म्हणाले. मान हलवायला गेले, ती धड हो अशीही हलली नाही आणि धड नाही अशीही नाही. मग हात माच्यावर गेला. टक टक. टक टक.

मुलानं आईकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

मामीला ते ठोके झोपेतही ओळखू आले असते. दोन ठोक्यांनंतर काय होतं ते तिनं डोळ्यांसमोर आणलं. दिवेलागण झालेली, भट्टी विझत आलेली, आणि मामा हातोडी ऐरणीवर आडवी ठेवतायत.

"संपलं म्हणतायत," ती म्हणाली. "रोजच म्हणतायत. मीच ऐकत नव्हते."

सुनेचा काच पुसणारा हात थांबला. तिनं तोंड उघडलं होतं, पण नवरा आणि सासू दोघंही तिच्याकडे पाठ करून उभे होते. ती काच घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्डिंगवाला दोन हमाल आणि हातगाडी घेऊन आला. ऐरण लाकडाच्या ओंडक्यात बसवलेली होती, सासऱ्यांच्याही आधीपासून तिथे होती. ती निघता निघेना. पहार घालून, दोर बांधून, हमाल रेटायला लागले. मामी आत गेली. चुलीपुढे भिंतीकडे तोंड करून बसली. बघायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

पण कान कुठे झाकता येतात? बाहेरून मामांचा आवाज येत होता. "लवकर! लवकर! लवकर!" इतका मोठा आवाज दुखणं आल्यापासून निघाला नव्हता.

"अरे उचला रे," वेल्डिंगवाला हमालांना हसत म्हणाला. "मामांना आपल्यापेक्षा घाई झालीये."

हमालही हसले. मुलगाही कसनुसा हसला. भिंतीकडे तोंड केलेल्या मामीला वाटलं, खरंच की, त्यांना हे लवकर डोळ्यांपुढून जायला हवंय. तिनं आतूनच सांगितलं, "आटपा रे बाबांनो. जीव नका घेऊ त्यांचा."

हातगाडीची चाकं रस्त्याला लागेपर्यंत "लवकर" चालू होतं. मग थांबलं.

ते थांबलं ते थांबलंच. मामा त्यानंतर बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी नाही, उठवायला हवं असलं तरी नाही. अंथरूण ओलं व्हायला लागलं. बाहेर गाडी थांबली तरी मान वळेना. डावा हात पोटावर पडलेला असायचा, अंगठीसकट. मामी समोर बसून विचारायची, "पाणी देऊ? कूस बदलू?" मामा तिच्या खांद्यावरून पलीकडे, ओंडक्यातल्या रिकाम्या खाचेकडे बघत राहायचे.

मुलगा गाडी घेऊन परत गेला होता. एका दुपारी सासू-सुना मागच्या दारी चादर पिळत होत्या. दोन टोकं दोघींच्या हातात, पिळाचं पाणी मधोमध गळत होतं. मामी वैतागून म्हणाली, "एवढं त्यांच्या मनासारखं केलं. आता का रुसून बसलेत देव जाणे."

सून चादरीला पीळ देत राहिली.

"तू तरी सांग. रोज टक टक करून सांगत नव्हते, बंद कर म्हणून? तुझ्यासमोरच ना?"

सुनेनं चादरीचं टोक मुठीत आवळलं. "मला वाटलं, ते मला सांगतायत," ती हळू म्हणाली.

"तुला? तुला काय?"

"लोखंड गार झालं म्हणून." ती थांबली. मामी नुसती बघत राहिली, तेव्हा तिला पुढे बोलावं लागलं. "त्यांनी टक टक केलं की मी विळ्याकडे बघायची. दर वेळी काळा पडलेला असायचा. तुमचं तोंड भट्टीच्या उजेडाकडे असायचं, तुम्हाला नसेल दिसत. मी घण खाली घ्यायची, तर तुम्ही म्हणायचात, मार. मला वाटलं तुमचं त्यांच्यापेक्षा काही वेगळं असेल. तुम्ही जाणत्या. विळ्याला चीर गेली तेव्हा मला कळलं की ते बरोबर होते. गार लोखंडावर घाव घालत होतो आपण."

चादर मामीच्या हातातून सुटून मातीत पडली.

"आणि त्या संध्याकाळी? ऐरणीचं विचारलं तेव्हा?"

"तेव्हा ते तुम्हा दोघांना थांबा म्हणत होते. तसंच बघत होते. आणि ऐरण नेताना..." सुनेचे डोळे भरून आले. "तुम्ही आत होतात. ते हात पसरून होते, आई. खाटेवरून अर्धे खाली आले होते. हमाल हसत होते आणि ते हात पसरून होते."

"मग तू बोलली का नाहीस?" मामी ओरडली. "तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"कुणी विचारलंच नाही," सून म्हणाली. "आणि वाटलं, तुम्हाला कळत असणारच. तुम्हाला सगळं कळतं ना त्यांचं."

मातीत पडलेल्या चादरीवरच मामी मटकन बसली. मामा खाटेवर पडून काम करत होते. एका हातानं, अंगठीनं, त्यांना येत होतं तेवढं काम. शिकवत होते दोघींना. सैल पडलेल्या पापणीतून गळणाऱ्या पाण्याला तिनं आसवं समजलं, आणि 'लवकर'चा अर्थ नुसता 'लवकर' असाच धरला. ठोके तर ओळखीचेच होते. पण ठोक्यांमागून हातोडी आडवी होताना तिला दिसली नव्हती. खाटेवर हातोडीच नव्हती. ती तिनं आपल्या भीतीतून आणून आडवी ठेवली होती. आणि लोखंडाकडे बघायचं तेवढं राहिलं. साधं तोंडानं विचारायचं राहिलं, 'मला नाही समजलं हो, परत सांगा.' एवढं म्हणायला तिला कमीपणा वाटला होता.

ती उठली आणि तशीच, मातीनं भरलेल्या हातांनी, वेल्डिंगवाल्याकडे चालत गेली. तो जेवत होता. ताट बाजूला सारून उठला. "मामी, ती पुढे गेली हो," तो म्हणाला. "लांबच्या कारखान्यातला माणूस आला होता, त्याला जुनीच ऐरण हवी होती. गाडीत घालून घेऊन गेला. मला काय माहीत तुम्ही मागायला याल?" तिचं तोंड पाहून त्याला कसंतरी झालं. त्यानं कोपऱ्यातला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा ओढून काढला. "हा न्या. यावर निभेल."

रुळाचा तुकडा दोघींनी मिळून ओंडक्याच्या खाचेत बसवला. तो तिथे नीट बसेना, म्हणून बाजूंनी लाकडाच्या खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मामीनं भट्टी पेटवली. खाट दारात ओढून आणली. मामांच्या पाठीशी उशी लावली, त्यांचा डावा हात पोटावरून उचलून माच्यावर ठेवला, आणि समोर उकिडवी बसून म्हणाली, "ऐका. मी चुकले. मला समजलं नाही आणि समजलं असं मी सगळ्यांना सांगितलं. ऐरण गेली ती गेली, पण काम करूया. तुम्ही सांगा, आम्ही मारतो. आता मी लोखंडाकडे बघीन."

जन्मात ती त्यांच्याशी एवढं सलग बोलली नव्हती. मामा तिच्याकडे बघत होते. डाव्या बाजूचा ओठ जरासा हलला असं तिला वाटलं. आता 'वाटलं' यावर तिचा विश्वास राहिला नव्हता.

मळेवाल्याचा चिरलेला विळा तिनं निखाऱ्यात घातला. सुनेनं भाता ओढला. विळा लाल झाला, मामीनं तो सांडशीनं धरून रुळावर ठेवला आणि हातोडी टेकवली. सुनेचा घण पडला.

आवाज बद्द आला. ऐरण घुमायची तसा नाही, ठेच लागल्यासारखा. मामांनी तो ऐकला. दुसरा घाव पडला, तिसरा पडला. मामांनी मान वळवली आणि तोंड भिंतीकडे केलं. डावा हात माच्यावरून हळूहळू सरकला आणि खाली लोंबायला लागला.

मामीला ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. तरी ती हातोडी टेकवत राहिली, घण पडत राहिला, आणि तिचे कान मागे लागले होते. आता देतील. आता लोखंड काळं पडतंय, आता अंगठी वाजेल. विळ्याची लाली कडेनं उतरली, मग मधूनही गेली. मागून काही आलं नाही. मामीनं हातोडी परत टेकवली.

घण पडला नाही.

सून घण छातीशी धरून उभी होती. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. तिनं आधी मामांच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं, मग विळ्याकडे, मग सासूकडे. आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, कुणी न विचारता, ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "आई, लोखंड गार झालं."

मामीनं मान हलवली. "असंच सांगत जा," ती म्हणाली. "तोंडानं सांगत जा मला."

तिनं विळा उचलून परत निखाऱ्यात ठेवला आणि सून भात्याशी बसली.